गाऊट ‘पीस स्टेशन’वर सुरू होत नाही : माजी सैनिक कल्याण विभाग आणि लष्करी वैद्यकीय सेवेला खुले पत्र

प्रति,
सचिव, माजी सैनिक कल्याण विभाग, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली
महासंचालक, सशस्त्र सेना वैद्यकीय सेवा, नवी दिल्ली

विषय : गाऊट (युरिक अ‍ॅसिडचा संधिवात) आणि सांध्यांच्या इतर दुखण्यांबाबत रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय मंडळाने) लेखी कारणं देण्याबाबत

महोदय,

मी आर्मी मेडिकल कोरमधून नर्सिंग असिस्टंट, हवालदार म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यात गावी शेती बघतो. आसपासच्या गावांतले निवृत्त जवान पेन्शनचे, ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना), स्पर्शचे (पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) कागद पिशवीत घालून घेऊन येतात, त्यांचे अर्ज लिहून देतो. आमच्या भागात घराआड एक फौजी आहे, त्यामुळे हे काम संपत नाही. या कागदांमध्ये रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद पुष्कळ असतात आणि ते मला वाचता येतात. ज्या फॉर्ममध्ये हे बोर्ड भरलं जातं, तसे फॉर्म मी नोकरीत असताना साहेबांसमोर मांडून ठेवले आहेत.

गाऊटच्या केसमध्ये बोर्डाचं मत बहुतेक वेळा एकाच साच्यातलं दिसतं. रोग चयापचयाचा आहे, शरीराच्या घडणीतला आहे, सुरुवात पीस स्टेशनवर (सीमेपासून दूरच्या, शांत भागातल्या छावणीत) झाली, लष्करी सेवेशी संबंध नाही. झालं, अपंगत्वाचं पेन्शन गेलं. पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीवर दीड ओळ. हे पत्र त्या दीड ओळीबद्दल आहे, आणि त्यातही मुख्यतः ‘सुरुवात पीस स्टेशनवर झाली’ या तुकड्याबद्दल.

माझा दावा असा नाही की फौजेत गाऊट होतो तो फौजेमुळेच होतो. माझ्या गावात आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसालाही अंगठ्याचं दुखणं आहे. युरिक अ‍ॅसिड रक्तात साठण्यामागे बहुतांश लोकांत मूत्रपिंडाकडून ते कमी बाहेर टाकलं जाणं हे कारण असतं, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे एमआय रूममध्ये (पलटणीच्या दवाखान्यात) काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. म्हणून बोर्डाने ‘नोकरीमुळे उद्भवला’ असं लिहिलं नाही तर माझी तक्रार नाही. माझी तक्रार दुसऱ्या रकान्याबद्दल आहे. ‘नोकरीमुळे वाढला’ हा रकाना याच फॉर्मवर आहे, पहिल्या रकान्याइतकंच पेन्शन त्यातून मिळतं, आणि गाऊटच्या बाबतीत तो रकाना विचारात घेतल्याची खूणही कागदावर सापडत नाही.

आता थोडं वैद्यकाचं बोलतो. महासंचालक साहेबांना हे शिकवण्याचा आगाऊपणा नाही, पण पत्र खुलं आहे आणि ते जवानांच्या घरचेही वाचतील.

रक्तात युरिक अ‍ॅसिड विरघळून राहण्याची एक मर्यादा आहे. ३७ अंश सेल्सिअसला ती साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. तिच्यावर गेलं की सांध्यांत सोडियम युरेटचे सुईसारखे स्फटिक बसायला लागतात, गार झालेल्या पाकात साखर तळाला धरते तसे. तापमान उतरलं की मर्यादाही उतरते. ३० अंशांना ती साडेचारच्या आसपास येते. म्हणून झटका बहुधा पायाच्या अंगठ्याला येतो, शरीराचा सगळ्यात गार भाग तोच. आता सांगा, बर्फात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाच्या पायाचा अंगठा किती अंशांवर असेल? बुटात घाम, मोज्यात ओल, आणि बाहेर उणे वीस. सहा मिलिग्रॅमचं युरिक अ‍ॅसिड, जे पुण्यात किंवा सागरला सुखाने विरघळून राहिलं असतं, ते त्या अंगठ्यात राहत नाही.

थंडी ही एकच गोष्ट नाही. उंचीवर प्राणवायू कमी, तहान मरते, पाणी बर्फ वितळवून मिळतं ते जपून प्यायलं जातं. अंगातलं पाणी आटलं की युरिक अ‍ॅसिड चढतं. दीर्घकाळ उंचीवर राहिलेल्या माणसाचं रक्त दाट होतं, लाल पेशी वाढतात, पेशींची उलाढाल वाढते आणि तिच्यातूनही युरिक अ‍ॅसिडच तयार होतं. राजस्थानात मे महिन्यातल्या सरावाला उलट्या बाजूने तेच होतं, घामावाटे पाणी जातं. त्यात खाणं. चौकीवर डबाबंद राशन असतं आणि उंचावरच्या ठाण्यांवर रम सरकारीच मिळते. ‘आहार आणि सवयी’ असं बोर्ड लिहितं, तेव्हा त्या सवयीचा काही भाग आपल्याच गोदामातून इश्यू व्हाउचरवर निघालेला असतो, एवढी आठवण ठेवावी. (सिव्हिलमध्ये कॅन्टीनचा कोटा आणून जो पितो त्याचं मी समर्थन करत नाही. त्याला मीच रागावतो.)

आणि जुनी दुखापत. स्फटिक आधी कुठे बसतात? जो सांधा आधीच झिजलेला, मुरगळलेला, सुजून गेलेला असतो तिथे. ट्रेनिंगमध्ये घोटा मुरगळला, अडथळ्यांच्या शर्यतीत गुडघ्याची गादी फाटली, पंधरा दिवस ‘लाइट ड्यूटी’, मग पुन्हा पिट्टू पाठीवर. त्या घोट्यात, त्या गुडघ्यात दहा वर्षांनी गाऊट उतरला तर बोर्डाच्या कागदावर ती दुखापत आणि हा गाऊट यांच्यात एक शब्दही नसतो. कधी कधी तर दुखापत वेगळ्या पानावर ‘सेवेमुळे’ म्हणून मान्य असते आणि गाऊट पुढच्या पानावर ‘सेवेशी संबंध नाही’. सांधा मात्र तोच.

आता मुद्द्याचा भाग. स्फटिक बसायला वर्षं लागतात. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असूनही माणूस वर्षानुवर्षं काही न दुखता फिरतो, आणि मग एका रात्री अंगठा लाल होतो, चादर लागली तरी ओरडतो. ही पहिली रात्र म्हणजे रोगाची सुरुवात नव्हे, ती रोग उघड झाल्याची तारीख आहे. जवानाच्या नोकरीचा आलेख बघा. भरती अठरा-वीसला. पहिली दहा-बारा वर्षं द्रास, तंगधार, तवांग, कुपवाडा अशी सीमेकडची ठाणी, एखादी सियाचीनची नेमणूक. मग पस्तिशीच्या पुढे युनिट पीसमध्ये येते, किंवा त्याला शेवटची दोन वर्षं गावाजवळ पोस्टिंग मिळते. पुरुषांत गाऊट डोकं वर काढतो तो साधारण याच वयात. म्हणजे ज्याची नोकरी नियमाप्रमाणे झाली, त्याचा पहिला झटका पीस स्टेशनवर येण्याची शक्यताच जास्त. आणि ज्या बोर्डाला ‘पहिला झटका कुठे आला’ एवढाच प्रश्न पडतो, त्याच्याकडून याला ‘नाही’ असंच उत्तर मिळणार. प्रश्नच असा मांडलाय की उत्तर आधी ठरलेलं आहे.

आपल्याच नियमांत याहून चांगला प्रश्न लिहिलेला आहे. २००८च्या एन्टायटलमेंट रूल्सप्रमाणे (पेन्शनची पात्रता ठरवणारे नियम), सेवेतल्या विशिष्ट परिस्थितीमुळे, म्हणजे टोकाचं हवामान, फील्ड, ऑपरेशन, उंची यांमुळे, रोगाची सुरुवात लवकर झाली किंवा पुढचा प्रवास बिघडला, तर तो ‘सेवेमुळे वाढला’ असं मानायचं. लवकर झाली का? बिघडला का? गाऊटला विचारायचे प्रश्न हेच. त्यांचं उत्तर द्यायला पहिल्या झटक्याचं ठिकाण पुरत नाही, सगळी पोस्टिंग शीट लागते. ती रेकॉर्ड ऑफिसकडे असते. बोर्डाच्या टेबलावर ती आली तरी तिच्यावर बोट फिरवून कुणी म्हणालेलं दिसत नाही की ‘हा इथे अमुक फुटांवर दोन हिवाळे होता’.

सांध्यांच्या दुखण्यांना तर याहून जुना आधार आहे. १९८२च्या एन्टायटलमेंट रूल्सला जी रोगांची यादी जोडली आहे, तीत हवामानाचा परिणाम होणाऱ्या रोगांमध्ये संधिवात, आर्थ्रायटिस आणि कंबरदुखी आहेत. ट्रेनिंग, मार्चिंग आणि दीर्घकाळ उभं राहणं यांमुळे होणाऱ्या रोगांच्या गटात मणक्याचा आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज), गुडघ्याच्या आतली मोडतोड आणि पावलांची विकृती आहे. ही यादी चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच माणसांनी केली. तरी बेचाळिशीच्या नायकाच्या गुडघ्यावर ‘वयोमानानुसार झीज’ असं लिहिलेला कागद माझ्यापुढे येतो, तेव्हा मला त्या बोर्डातल्या डॉक्टरांना विचारावंसं वाटतं की साहेब, बेचाळीस हे कुणाचं वयोमान? माझ्या शेजारचे आण्णा पंच्याहत्तरीला ऊस तोडतात.

बोर्ड घाईत असतं, हे मला मान्य आहे. मी त्या खोलीत उभा राहिलो आहे. सकाळी रांग, दुपारपर्यंत सगळ्यांचं उरकायचं, तिघा अधिकाऱ्यांपैकी एकाला ओपीडी, दुसऱ्याला शस्त्रक्रिया. पण त्याच फॉर्मवर छापलेलं आहे की बोर्डाने प्रत्येक व्याधीबाबत आपल्या मताची कारणं पूर्णपणे नमूद करावीत. ‘पूर्णपणे’ हे फॉर्मचं म्हणणं आहे, माझं नाही.

न्यायालयं हेच सांगून थकली आहेत. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत उद्भवला तर तो नोकरीतच आला असं धरून चालायचं, सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि बोर्डाला उलटं म्हणायचं असेल तर त्याने कारणं द्यावीत. नुसतं ‘घडणीतला आजार’ म्हणून भागत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यालाही अपंगत्वाची टक्केवारी वर नेऊन धरण्याचा लाभ दिला. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात म्हटलं की आजाराची सुरुवात पीस एरियात झाली, एवढ्याने दावा फेटाळता येत नाही. मधुमेह हाही चयापचयाचाच आजार आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सियाचीनवर काम केलेल्या जवानाच्या बाजूने बिजेंदर सिंग प्रकरणात निकाल दिला.

न्यायाला धरून सांगायचं तर आपल्या, म्हणजे सरकारच्या, बाजूचेही निकाल आहेत. दामोदरन आणि नरसिंग यादव या प्रकरणांत न्यायालयाने वैद्यकीय बोर्डाच्या मताला मान द्यायला हवा असं म्हटलं, आणि आपले वकील ते प्रत्येक वेळी वाचून दाखवतात. मलाही बोर्डाच्या मताचा मान राखायचा आहे. मान ठेवायला मत तर दिसलं पाहिजे. दीड ओळीत मत नसतं, शिक्का असतो.

पात्रतेचे २०२३चे नवे नियम मी वाचले आहेत. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना ते लागू आहेत, आणि काहींसाठी डिसॅबिलिटी एलिमेंटच्या (पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागाच्या) जागी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आला आहे. जीवनशैलीच्या आजारांवर लोक फुकटचं पेन्शन घेतात, खऱ्या जखमी जवानाचा पैसा तिकडे जातो, असं त्यामागचं म्हणणं ऐकलं. असे लोक असतील. मीही एकदोघांना ओळखतो, आणि त्यांचे अर्ज मी लिहून दिलेले नाहीत. पण चाळण बारीक करायची तर ती कारणांची करावी. कोण उंचीवर किती महिने होता, कुणाला कुठे दुखापत झाली, कुणाला कोणती गोळी किती वर्षं चालू होती, हे बघून जो गळायचा तो गळू दे. पोस्टिंगच्या शेवटच्या ठिकाणावरून गाळलं तर द्रासवाला गळतो आणि हुशार माणूस पार होतो.

गोळीचं म्हटलं, त्याबद्दल थोडं. उच्च रक्तदाब हा ताणाचा आजार म्हणून १९८२च्या यादीत आहे, आणि जवानाला तो नोकरीत झाला तर बऱ्याचदा मान्यही होतो. त्यावर थायाझाइड जातीची, लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. ती युरिक अ‍ॅसिड वाढवते, हे औषधशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात आहे. हृदयासाठी रोज दिलेली कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनही तेच करते. म्हणजे आजार सेवेमुळे, गोळी आपल्या रुग्णालयाची, आणि त्या गोळीने उठलेला गाऊट मात्र ‘सेवेशी संबंध नाही’. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याचे नियम पुष्कळ किचकट आहेत, त्यांचे गोडवे गायची मला गरज नाही. पण तिथे एक गोष्ट सरळ आहे. सेवेमुळे झालेल्या आजारातून किंवा त्याच्या उपचारातून दुसरा आजार उभा राहिला तर तोही सेवेचाच धरतात. आपल्याकडे हे नियमाने अडत नाही. अडतं ते फक्त लिहिण्याच्या आळसापाशी.

टक्केवारीचंही आहे. गाऊट हा भरती-ओहोटीचा आजार आहे. झटक्याच्या आठवड्यात माणूस शौचालयापर्यंत भिंत धरून जातो. मग तीन आठवड्यांनी तोच माणूस पायऱ्या उतरताना दिसतो आणि एक्स-रे सुरुवातीच्या वर्षांत बहुधा स्वच्छ येतो. बोर्डाची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते आणि जवान कोल्चिसिन (झटका शमवणारी गोळी) घेऊन, बूट घालून, ताठ उभा राहून हजर होतो. फौजीला दुसऱ्या प्रकारे उभं राहताच येत नाही. त्या दिवशीचा सांधा बघून टक्के पडतात. २० टक्क्यांच्या खाली पडले की १९६१च्या पेन्शन रेग्युलेशन्सप्रमाणे हातात काहीच येत नाही, मग १९ असोत की ५. आणि २० पडले तर? शेवटचा पगार ४०,००० असेल तर १०० टक्क्यांचा डिसॅबिलिटी एलिमेंट त्याच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. २० टक्क्यांचे होतात २,४००. वर नेऊन ५० टक्के धरले तर ६,०००. साठ वर्षांच्या माणसाला अ‍ॅलोप्युरिनॉल (युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी), अधूनमधून रक्ततपासणी, वाकडी झालेली बोटं मावतील असे रुंद बूट आणि शेतावर मजूर, यांच्या मानाने हा फार मोठा खजिना नाही.

आणि ज्याची कागदावर कधी नोंदच झाली नाही तो? तो सगळ्यात जास्त आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावतो.

फौजेत सांधा दुखला की माणूस लगेच सिक रिपोर्ट करत नाही, म्हणजे आजारी असल्याची नोंद करत नाही. करायची सोय नाही असं नाही, पण वैद्यकीय कॅटेगरी खाली गेली की पुढच्या प्रमोशन केडरला (बढतीच्या कोर्सला) नाव अडतं, नायबसुभेदारीच्या तोंडाशी आलेला हवालदार शेप-वनवर (पूर्ण तंदुरुस्त श्रेणीवर) टिकून राहायला बघतो, एखाद्याला यूएन मिशनचं तिकीट निसटेल अशी धास्ती असते. कॅटेगरी घेऊन बसलेल्याला पलटणीत थोडा टोमणाही बसतो. म्हणून तो सुट्टीवर आला की गावच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीची पाकिटं भरून नेतो. बीपीईटीच्या (शारीरिक क्षमतेच्या चाचणीच्या) आदल्या रात्री एक, सकाळी एक. अंगठा सुजला तर बुटाने चावलं म्हणून सांगतो. या गोळ्या वर्षानुवर्षं अशाच घेतल्या की मूत्रपिंडं कमजोर होतात, आणि मूत्रपिंडं कमजोर झाली की युरिक अ‍ॅसिड आणखी साठतं. मी नोकरीत असताना ही पाकिटं जवानांच्या ट्रंकेत बघितली आहेत. माझ्या तालुक्यातला एक निवृत्त नाईक आज डायलिसिसवर आहे, त्याच्या सर्व्हिस डॉक्युमेंटमध्ये सांधेदुखीची एकही नोंद नाही. त्याला मी काय अर्ज लिहून देऊ? बोर्डाला ‘नोंद नाही’ म्हणायला जागा त्यानेच ठेवली, हे खरं आहे. पण ज्या व्यवस्थेत दुखणं सांगितल्याची शिक्षा नोकरीत होते आणि न सांगितल्याची निवृत्तीनंतर, तिथे जवानाने कुठली शिक्षा निवडायला हवी होती, ते एकदा आपणच लिहून कळवा.

यावर उपाय अवघड नाही. ज्याला एकदा गाऊटचा झटका आला आणि औषधाने युरिक अ‍ॅसिड ६च्या खाली आलं, तो माणूस नियमित गोळीवर पुष्कळ काम करू शकतो. बरीच वर्षं झटका येत नाही. त्याची कॅटेगरी खाली नेऊन त्याला घाबरवण्यापेक्षा उंचीवरची पोस्टिंग टाळून, गोळी चालू ठेवून, केडरला बसू दिलं तर तो लपवणार नाही. त्याची मूत्रपिंडं वाचतील, आणि निवृत्तीच्या वेळी कागदही पूर्ण असेल. वैद्यकीय सेवेला हे माझ्याहून जास्त कळतं. करायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

आता खटल्यांबद्दल. बोर्डाने दीड ओळ लिहिली, पेन्शन नाकारलं, पहिलं अपील झालं, दुसरं अपील झालं, दोन्हीकडे तीच दीड ओळ पुन्हा टाइप होऊन आली. मग जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जातो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात या तिघांना मिळून ते एक. साताऱ्याहून वकिलाकडे फेऱ्या, एसटी, लॉज, पाय सुजलेला. निकाल त्याच्या बाजूने लागतो, कारण बोर्डाकडे कारणंच नसतात. मग विभाग उच्च न्यायालयात जातो. दरम्यान उशिरा दावा केला म्हणून थकबाकी बऱ्याचदा अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, बाकीची वर्षं बुडाली.

हे संरक्षण मंत्रालयालाही एकेकाळी पटलं होतं. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच वर्षी आलेल्या तिच्या अहवालात अपंगत्व पेन्शनच्या प्रकरणांत सरकारने अपिलांमागून अपिलं करत बसू नये, असं साफ म्हटलेलं आहे. तो अहवाल आपल्याच कपाटात आहे. कुणाला तरी ते कपाट उघडायला सांगा.

हे पत्र वाचणाऱ्या जवानांसाठी चार शब्द मध्येच घालतो, रागावू नये. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत मागून घ्या, पेन्शनच्या कागदाला जोडून ठेवा. ज्या ज्या उंचीवर राहिलात त्या ठिकाणांची आणि तारखांची नोंद स्वतःच्या डायरीत करा, पार्ट टू ऑर्डर (युनिटने काढलेले तुमच्या नोकरीच्या नोंदींचे आदेश) मिळतील तेवढ्या जपा. घोटा मुरगळला तर इंज्युरी रिपोर्ट भरून घ्या, सुबेदार साहेब चिडले तरी. आणि निवृत्तीनंतर दावा करायचा असेल तर पंधरा वर्षं वाट बघत बसू नका. २००८च्या नियमांप्रमाणे त्यानंतर सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

महोदय, मी काय मागतोय ते एकत्र सांगतो. गाऊट, ऑस्टिओआर्थ्रायटिस, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस (मणका आखडणारा संधिवात) अशा सांध्याच्या कुठल्याही दुखण्यावर मत देताना बोर्डाने जवानाची पूर्ण पोस्टिंग शीट समोर ठेवून ‘सुरुवात लवकर झाली का, प्रवास बिघडला का’ या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या वाक्यांत लिहावीत. त्या उत्तरात उंची, थंडी, जुनी दुखापत आणि चालू औषधं यांचा उल्लेख असावा, होकारात असो की नकारात. टक्केवारी ठरवताना मागच्या वर्षभरातले झटके आणि सुट्ट्या धराव्यात, बोर्डाच्या दिवशीचा पाय नव्हे. आणि ज्या कागदावर कारणच लिहिलेलं नाही, त्या कागदाच्या बचावासाठी सरकारी खर्चाने अपील करू नये, असं विभागाने आपल्या वकिलांना लेखी कळवावं. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. महासंचालकांच्या एका पत्रकाने पहिल्या तिन्ही होतात, सचिवांच्या एका पत्राने चौथी.

ज्याचा दावा कारणं देऊन फेटाळला जाईल त्याला मी स्वतः घरी जाऊन समजावीन की बाबा, बोर्डाने बघितलंय, तुझा गाऊट नोकरीने वाढलेला नाही, आता गोळी घे आणि मटण कमी कर. हे सांगायला मला आवडणार नाही, पण सांगीन. आज मला ते सांगता येत नाही, कारण बोर्डाने बघितलंय की नाही हेच कागदावरून कळत नाही.

पुढच्या तिमाहीत निवृत्त होणाऱ्यांची बोर्डं आता लागतील. पत्रक त्याआधी निघालं तर त्यांच्यापुरतं तरी काम होईल. उत्तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना पाठवलंत तरी चालेल, तिथून ते आमच्यापर्यंत पोहोचतं.

आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी मेडिकल कोर
जिल्हा सातारा